फॉरमॅट मारण्याआधी कारण सांगा



आज मला जरा भांडायचं आहे. कोणा माणसाशी नाही, एका वाक्याशी. ते वाक्य म्हणजे, “काकू, फॉरमॅट मारावं लागेल.”

कारंजा असो, मंगरूळपीर असो की वाशीम, घरचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला आणि दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं की पाच मिनिटांत हे वाक्य कानावर पडतं. सीपीयूचं झाकण उघडलेलं नसतं. केव्हापासून होतंय, काय करताना होतंय, हेही विचारलेलं नसतं. तरी औषध मात्र ठरलेलं असतं. आणि फॉरमॅट मारूनही महिनाभरात पुन्हा तेच सुरू झालं की दुसरं वाक्य येतं, “आता हा जुना झाला, नवीनच घ्या.”

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कारण न शोधता फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नव्हे. चोरी झालेल्या घरात पोलिसांनी येण्याआधी फरशी पुसून घेण्यासारखं ते आहे. घर स्वच्छ दिसतं, पण चोर कुठून आला ते कळत नाही, आणि तो पुन्हा येतो.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. आमच्या वेळी कीर्द, खतावणी, तेरीज सगळं हातानं. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की आमचे सर वह्या फाडून नव्यानं लिहायला सांगत नसत. ते म्हणत, फरक किती आहे ते आधी बघा. फरकाला नऊनं भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झाली असेल, ५४० च्या जागी ४५० लिहिलं असेल. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती नावेऐवजी जमेला पडली आहे का ते तपासा. म्हणजे चूक स्वतःच आपला माग ठेवून जाते. तो माग काढायचा, नोंद दुरुस्त करायची, बाकीची वही तशीच ठेवायची. वर्षभराचा हिशेब एका नोंदीपायी कोणी जाळत नाही.

कॉम्प्युटरचं अगदी तसंच आहे. तोही विनाकारण हँग होत नाही, आणि प्रत्येक कारणाची हँग होण्याची तऱ्हा वेगळी असते. ती तऱ्हा समोर बसणाऱ्या माणसाला दिसते. म्हणून या तऱ्हा आपल्याला माहीत असायला हव्यात.

सगळ्यात आधी, खरंच सगळं थांबलंय का ते बघावं. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा असेल तर ते बटण दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन जागं आहे, एखादा प्रोग्राम अडकला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोण किती जागा आणि किती वेळ खातोय त्याची यादीच असते. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने असतात, आणि ज्या रकान्याचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल तिथे बोट ठेवायचं. दिवा हलतच नसेल तर दुखणं बहुधा खोल आहे, वायरिंगच्या, गरमीच्या किंवा सुट्या भागांच्या बाजूचं.

आता आपल्या भागातली पहिली तऱ्हा. सकाळी कॉम्प्युटर छान चालतो, दुपारी दोन-तीनच्या सुमारास अडतो, आणि त्याआधी आतला पंखा जोरात घरघरतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि फारच तापला तर मशीन बंद पडतं. त्यात आपल्याकडची धूळ! सोयाबीन काढायच्या दिवसांत मळणीयंत्राचा धुराळा गावभर असतो. कॉम्प्युटरच्या पंख्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये ही धूळ गादीसारखी बसते. वारा जाणार कुठून? प्रोसेसरवर जी पेस्ट लावलेली असते तीही वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकून जाते. यावर उपाय साफसफाई आणि नवी पेस्ट. फॉरमॅट मारल्यानं पट्ट्यांमधली धूळ निघत नाही.

दुसरी तऱ्हा. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच उघडत नाही, नंतर हळूहळू चालतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभर टक्के. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि वर नवं विंडोज, असं असलं की हे हमखास होतं. सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत दिसतात, त्यातले नको ते बंद करावेत. एकाच वेळी दोन-दोन अँटीव्हायरस चालत असतील तर एक काढावा, कारण दोन्ही एकच फाइल तपासायला धावतात. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर जागा मोकळी करावी. आणि जमत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. आठ-दहा वर्षांचं मशीनही त्यानं तरतरीत होतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यात धोक्याची. ठराविक फोल्डर किंवा फोटो उघडायला गेलं की अडकतो, आणि आतून टकटक असा आवाज येतो. ही हार्ड डिस्क जाण्याची खूण आहे. इथे काहीही दुरुस्त करायला जाऊ नये. मशीन कमीत कमी वापरून आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मग बाकीचं.

चौथी तऱ्हा म्हणजे काही ताळतंत्रच नाही. कधी सुरू होतानाच अडतो, कधी निळा पडदा येतो, कधी दोन दिवस काही होत नाही. असं असलं तर रॅमकडे संशय जातो. विंडोजमध्येच मेमरी तपासायचं साधन असतं, ते मुलाला चालवायला सांगावं. पुष्कळदा रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच घासून परत नीट बसवली तरी काम होतं.

पाचवी तऱ्हा विजेची. लाईन जाते-येते, मोटार सुरू झाली की दिवे मंद होतात, आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर अडतो किंवा बंद पडून पुन्हा चालू होतो. मग यूपीएसची बॅटरी आणि सीपीयूमधला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला ही मुलं एसएमपीएस म्हणतात, तो तपासायला हवा.

आणि एक खोटं हँग होणंही असतं, ते लक्षात ठेवा. इंटरनेटवर काही बघता बघता पूर्ण पडदाभर लाल सूचना येते, भोंगा वाजतो, “तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.” ती चोरांची जाहिरात असते. फोन करायचा नाही, कोणतंही ॲप घ्यायचं नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. कोणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवायची.

एवढी सहा वेगवेगळी दुखणी, आणि सहाही दुखण्यांना औषध एकच, फॉरमॅट! डोकं दुखो की गुडघा, एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ का?

यात गंमत अशी की कॉम्प्युटर स्वतःची कीर्द स्वतःच लिहीत असतो. विंडोजच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ असं टाइप केलं की ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचं पान सापडतं. तिथे तारीखवार आलेख असतो आणि ज्या दिवशी काही बिघडलं त्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम पडला, मशीन नीट बंद न होता गेलं का, हे लिहिलेलं असतं. मंगळवारी एखादा नवा प्रोग्राम घातला आणि बुधवारपासून फुल्या सुरू झाल्या, तर आणखी काय पुरावा हवा? आणि फॉरमॅट मारला की सगळ्यात आधी ही कीर्दच नाहीशी होते.

कॉम्प्युटरच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या प्रचंड मशीनमध्ये बिघाड झाला. तिथल्या लोकांनी आत पाहिलं, तर एका रिलेत पतंग अडकून मेला होता. त्यांनी तो काढला, नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला, वेळ लिहिली आणि शेजारी नोंद केली की किडा सापडल्याची ही पहिली खरी घटना. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती, म्हणून त्यांनी ती थट्टा केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या लोकांनी काय केलं बघा. आत पाहिलं, कारण शोधलं, आणि वहीत लिहून ठेवलं. आपल्या घरी येणाऱ्या मुलाकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

त्या बिचाऱ्या पतंगावरून आपल्या घरचंही सांगते. सीपीयूमध्ये ऊब असते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मुंग्या आणि झुरळं तिथे घर करतात. झाकण उघडलं की लगेच ब्लोअर लावू देऊ नका. आधी प्लग काढून ठेवा, उजेडात नीट बघा, जीव असतील तर मऊ ब्रशनं अलगद बाहेर काढा, मगच धूळ उडवा. धान्य शोधून घेतो, पाणी गाळून घेतो, तसंच हे. किडे मारायचा फवारा तर आत मुळीच मारू देऊ नका. जीव तर जातातच, शिवाय भाग ओले होऊन मशीनही जातं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते वाऱ्यानं भलतंच जोरात फिरून खराब होतं.

आता कोणी म्हणेल, “पण काकू, फॉरमॅट मारल्यावर चालतो ना काही दिवस?” चालतो. का चालतो तेही ऐका. सुरू होताना गर्दी करणारे सगळे प्रोग्राम निघून जातात, त्यामुळे हलकं वाटतं. तापलेलं मशीन दुकानात पंख्याखाली उघडं ठेवलेलं असतं, तेवढ्यानंही फरक पडतो. आणि हार्ड डिस्क खराब असेल तर घाईत मारलेला क्विक फॉरमॅट तिची तपासणी करतच नाही, फक्त फाइलींची अनुक्रमणिका नवी करतो. डिस्कचा कुजलेला भाग आहे तिथेच राहतो. पुन्हा त्या भागावर काही लिहायची-वाचायची वेळ आली की पुन्हा हँग.

आणि या काही दिवसांच्या आरामाची किंमत काय? आमच्या नात्यातल्या एका जाऊबाईंच्या घरची गोष्ट सांगते. त्यांचा कॉम्प्युटर फोटो उघडताना अडायचा. मुलगा आला, म्हणाला फॉरमॅट मारतो, महत्त्वाचं काही आहे का? त्या म्हणाल्या, समोर नातवाचे फोटो आहेत तेवढे ठेव. त्यानं डेस्कटॉपवरचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि मारला फॉरमॅट. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं, हे त्यानं सांगितलं नाही. डॉक्युमेंट्समध्ये पाठशाळेचा चौदा वर्षांचा हिशेब होता, आणि सासूबाईंच्या आवाजातली स्तवनं होती. सासूबाई आता नाहीत. बाराव्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला. दुसऱ्या जाणत्या माणसानं पाहिलं तेव्हा कळलं, हार्ड डिस्कच खराब होती. पहिल्याच दिवशी तेवढं पाहिलं असतं तर आधी फाइली उतरवून घेता आल्या असत्या. आता त्या जागेवर नवं विंडोज लिहिलं गेलं होतं, तो आवाज काही परत मिळाला नाही. हिशेब पावत्यांवरून पुन्हा लिहिता येईल. आवाज कशावरून लिहायचा?

ज्यांनी पूर्वी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलं आहे त्यांचं आणखी वेगळंच होतं. फाइल वाचते, पण फॉरमॅटमध्ये फॉन्ट जातो, आणि उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतात. फाइल खराब झाली समजून लोक ती स्वतःच्या हातानं पुसून टाकतात. खरं तर तो फॉन्ट परत घातला की मजकूर जसाच्या तसा दिसतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. मुलगा येतो, कॉम्प्युटरसमोर बसतो आणि विचारतो, “काका नाहीत का घरी? बरं, दादाला फोन लावून द्या.” दादा पुण्यात. तो कॉम्प्युटर त्यानं दिवाळीत दोन दिवस पाहिलेला. रोज त्यावर बसणारी, वीजबिल भरणारी, मंदिराच्या कार्यक्रमाची यादी टाइप करणारी, पर्युषणात ऑनलाइन प्रवचन लावणारी बाई शेजारी चहाचा कप घेऊन उभी! मशीन दुपारीच अडतं, की फोटो उघडताना, की मोटार लावल्यावर, हे तिला माहीत आहे. साक्षीदार समोर उभा आहे आणि त्याची साक्ष कोणी घेत नाही. मग निदान होणार कसं? मैत्रिणींनो, दादाला फोन लावून देऊ नका. “वापरते मी, मला विचार,” असं सरळ सांगा.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्या मुलाचं चुकतं, पण त्याला तसं वागायला काही गिऱ्हाइकंही भाग पाडतात. तो तासभर बसून धूळ काढेल, रॅम तपासेल, डिस्क तपासेल आणि म्हणेल, “काही बदलायची गरज नाही, झालं.” तेव्हा पुष्कळ घरांत त्याला काय ऐकावं लागतं? “काही घातलंच नाहीस, मग पैसे कसले?” डॉक्टर तपासून “काही नाही, विश्रांती घ्या” म्हणाले तरी त्यांची फी आपण देतो. या मुलाच्या डोळ्यांची आणि डोक्याची फी मात्र द्यायला नको वाटते. फॉरमॅटला पैसे मिळतात, निदानाला मिळत नाहीत, मग तो फॉरमॅटच मारणार. म्हणून बोलावतानाच सांगावं, “बाळा, तपासायचे पैसे वेगळे देईन, पण कारण सांगायचं.” त्यानं प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचा धंदाही चालेल.

आणि फॉरमॅट कधीच मारू नये असंही मी म्हणत नाही. व्हायरस घुसला असेल, विंडोजच मोडलं असेल आणि दुसरे उपाय करून झाले असतील, तर फाइली सुखरूप काढून घेतल्यावर जरूर मारावा. ऑपरेशनही कधी कधी लागतंच. पण ते तपासणीनंतर.

राहिलं “नवीनच घ्या”. या वाक्याला आता एक नवं निमित्त मिळालं आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरीच जुनी मशीनं त्यात बसत नाहीत. याचा अर्थ ती त्या तारखेला बंद पडली असा नाही. ती चालतात, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे मिळत नाहीत. घरगुती गिऱ्हाइकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते अपडेट घेता येतील अशी सोय कंपनीनं जाहीर केली आहे. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्याचा विचार आपण करायलाच हवा. पण तो सुरक्षेचा विचार आहे. तुमचा कॉम्प्युटर हँग होण्याशी त्या तारखेचा संबंध नाही. धुळीनं भरलेला पंखा दाखवायचा सोडून कोणी ती तारीख दाखवत असेल, तर तो दुरुस्ती करत नाही, विक्री करतो.

नवं घेतलं की जुनं जातं कुठे? माळ्यावर, नाहीतर भंगारवाल्याकडे. त्यात शिसं असतं, प्लॅस्टिक असतं, आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. म्हणजे वस्तू दुरुस्त करून वापरणं हा हट्ट नाही, ग्राहकाचा हक्क आहे हे सरकारनंही मानलं आहे. आणि आपल्या घरात तर अपरिग्रह हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. चालणारी वस्तू टाकून दुसरी आणायची, आणि कारण विचारलं तर “जुनी झाली”, हे त्या शब्दात कुठे बसतं?

तेव्हा आजपासून कॉम्प्युटरशेजारी एक छोटी वही ठेवा. हँग झाला की तारीख, वेळ, काय चालू होतं, लाईन गेली होती का, पंख्याचा आवाज होता का, एवढं लिहा. आठवड्याभरात तऱ्हा कळते. महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर आजच उतरवा, बिघडायची वाट बघू नका. आणि दुरुस्तीवाला आला की वही त्याच्यापुढे ठेवून तीन प्रश्न विचारा. कारण काय? ते कशावरून ठरवलं? माझ्या कोणत्या फाइली कुठे ठेवल्यास ते दाखव. तिन्हींची उत्तरं मिळाली तर त्याला खुशाल काम करू द्या, चहाही पाजा. नाही मिळाली तर सीपीयूला हात लावू देऊ नका.

जय जिनेंद्र!